अर्धवट भरलेला पाइप आणि कात्रजचा नळ

पाइप गच्च भरून वाहत असेल तर सगळा खेळ प्रेशरचा, पण अर्धाच भरलेला असला की तो हिशोबापुरता झाकलेला कालवाच होतो, वर हवा आणि खाली पाणी, ते पळणार फक्त ढाळावर. म्हणून याची सूत्रं पाइपवाल्यांनी नाही, कालवेवाल्यांनी दिलीत.

आपल्याकडे तर सूत्राच्या आधी काम झालं. १७५० च्या आसपास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत बांधीव भुयारी नळ आणला, पंप वगैरे काही नाही, नुसत्या उतारावर, मधेमधे हवा निघायला उच्छ्वास आणि पेठांमधे हौद. तिकडे पॅरिसला पाणी आणायच्या कामात शेझी या फ्रेंच इंजिनिअरने वेग आणि उताराचं नातं मांडलं ते १७७० च्या दशकात, म्हणजे आपल्यानंतरच! (उगाच नाही पुणेकर मिरवत.)

आज सिव्हिलची पोरं जे घोकतात ते मॅनिंगचं सूत्र, म्हणजे उतार, भिंतीचा खडबडीतपणा आणि पाण्याचं क्षेत्रफळ भागिले भिजलेली कडा यांवरून वेग काढायचा. हा आयरिश इंजिनिअर, त्याने ते १८८९ मधे मांडलं, पण तसंच नातं गॉकलर या फ्रेंच इंजिनिअरने १८६७ लाच दिलं होतं आणि खुद्द मॅनिंगलाही ते फारसं पसंत नव्हतं कारण त्यात एककं नीट जुळत नाहीत. तरी टिकलं, सोपं आहे म्हणून.

त्यातली खरी गंमत गोल पाइपात. अर्धा भरलेला आणि पूर्ण भरलेला, दोन्हीत वेग सारखाच येतो, कारण पाण्याचं क्षेत्रफळ निम्मं झालं तर भिजलेली कडाही निम्मीच होते. आणि सगळ्यात जास्त पाणी जातं ते व्यासाच्या ९४ टक्के खोलीला, पूर्ण भरल्यापेक्षा साधारण साडेसात टक्के जास्त, कारण वरच्या टोकाला जागा जेमतेम वाढते पण घासणारी भिंत भराभर वाढते. अर्थात हे कागदावर. १९४६ मधे कॅम्प या अमेरिकन इंजिनिअरने दाखवलं की खडबडीतपणाचा आकडा पण खोलीप्रमाणे बदलतो, पाइप अर्धवट भरलेला असताना तो जास्त धरावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात पाणी हिशोबापेक्षा कमीच जातं.

आता पाइप एकदम आडवा टाकला, ढाळ शून्य, तर मॅनिंगच्या हिशोबाने पाणी हलायलाच नको ना? पण हलतं, कारण मागे खोली जास्त आणि तोंडाशी कमी, त्या फरकावरच ते पुढे सरकतं. फक्त वेग बेताचा, म्हणून गाळ तळाला बसतो, आणि म्हणूनच गवंडी ड्रेनेजला ढाळ दिल्याशिवाय सोडत नाही.