द्विदिश वाहतूक

एकाच मार्गावरून परस्परविरुद्ध दिशांनी होणारी वाहतूक; मग ती वाहनांची असो वा विद्युत संदेशांची. दोन्ही दिशा एकाच वेळी चालू राहिल्या तर ती पूर्ण द्विदिश (दूरध्वनी), आळीपाळीने चालल्या तर अर्ध द्विदिश (वॉकीटॉकी).

तारायंत्रात (टेलिग्राफमध्ये) एका तारेवरून दोन्ही टोकांनी एकदम संदेश पाठवताना पाठवणाऱ्याचा प्रवाह त्याच्याच ग्राहक (संदेश घेणाऱ्या) यंत्राला हलवतो आणि येणारा संदेश त्यात बुडतो. यावर पहिला तोडगा कोणाचा, याविषयी एकमत नाही. ऑस्ट्रियाच्या तारखात्यातील विल्हेल्म गिंटल यांनी १८५३ च्या सुमारास व्हिएन्ना–प्राग मार्गावर प्रयोग केले. स्थानिक बॅटरीचा उलटा प्रवाह सोडून ते यंत्र स्थिर ठेवत. मात्र दोन्ही प्रवाह नेमके एका क्षणी सुरू आणि बंद होणे जमेना. १८५४ मध्ये हॅनोव्हरचे फ्रिशेन आणि बर्लिनचे झीमेन्स व हाल्स्के यांनी जाणारा प्रवाहच दुभागला: अर्धा खऱ्या तारेत, अर्धा तिच्याइतक्याच रोधाच्या कृत्रिम तारेत. ग्राहक यंत्राच्या दोन उलट वेटोळ्यांत हे अर्धे एकमेकांना मारतात. समोरून आलेला प्रवाह तेवढा उरतो. लांब तारेत विद्युत भार साठतो, त्यामुळे हा तोलही ढळे. बॉस्टनच्या जे. बी. स्टर्न्स यांनी कृत्रिम तारेला धारित्रे (विद्युत भार साठवणारी साधने) जोडून ती उणीव दूर केली (१८६८ ते १८७२ दरम्यान). अमेरिकी लेखनात श्रेय बहुधा त्यांनाच मिळते. कल्पना गिंटल यांची आणि व्यवहारात आणणारे स्टर्न्स, ही विभागणी अधिक सयुक्तिक वाटते. भारतीय तारखात्यातील लुई श्वेंडलर यांनी १८७४ च्या सुमारास कलकत्त्यातून या तोलाचे गणित मांडले.

संगणक जालात सुरुवातीच्या ईथरनेटमध्ये (संगणक केबलने जोडण्याच्या पद्धतीत) सर्व यंत्रे एकच केबल वापरत. दोघे एकदम बोलले की टक्कर होई व दोघांनाही थांबून पुन्हा पाठवावे लागे. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र केबलने जोडणारा स्विच आल्यावर टक्कर टळली. पूर्ण द्विदिश पद्धत १९९७ मध्ये प्रमाणित झाली. एका टोकाला पूर्ण आणि दुसऱ्याला अर्ध अशी जुळणी राहिली, तर पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) व्यवस्थित चालते, पण मोठी फाइल पाठवताना वेग कोसळतो. गिगाबिट ईथरनेट (१९९९) केबलमधील तांब्याच्या तारांच्या चारही जोड्यांवर दोन्ही दिशांनी एकदम पाठवते आणि स्वतःचा संदेश वजा करते. तत्त्व जुन्या तारेचेच. वायरलेस जालात दोन दिशांना वेगळी वारंवारिता किंवा वेगळी वेळ वाटून देतात.

रस्त्यावर अशी वजाबाकी शक्य नाही. जागा वाटा किंवा वेळ वाटा. सलग सुट्ट्यांत बोरघाटात मुंबईकडची वाहने थोडा वेळ रोखून पुण्याकडे जाणारी दोन्ही बाजूंच्या मार्गिकांवरून सोडतात, ती वेळेचीच वाटणी. दुपदरी रस्त्यावर पुढच्या वाहनाला मागे टाकण्यासाठी समोरची मार्गिका लागत असल्याने दोन्ही दिशांची क्षमता परस्परांत गुंतते: अमेरिकी महामार्ग क्षमता-पुस्तिकेच्या २००० च्या आवृत्तीत एका दिशेला ताशी १,७०० मोटारी धरल्या आहेत, दोन्ही मिळून मात्र ३,४०० नव्हे, ३,२००. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९९० च्या निर्देशांत सपाट प्रदेशातील दुपदरी रस्त्याला दिवसाला १५,००० मोटार-एकके आहेत. ट्रक, बैलगाडी, सायकल ही सारी त्यासाठी मोटारीच्या मापात बदलून घ्यावी लागतात.