एलईडी बल्ब टाकला की रस्ता लांबपर्यंत दिसतो?

‘बाइकच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब टाका, रस्ता दुप्पट लांब दिसेल’ हा मेसेज जुनाच. उजेड पांढरा, झगझगीत होतो. तसं वाटणं साहजिक आहे. पण हॅलोजनचा रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागची चकचकीत वाटी, आतल्या बारीक तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. एलईडीची चिप मिलिमीटरभर जरी हलली, तरी झोत फुटतो. चाकापुढे लख्ख, लांबवर अंधुक, आणि अक्कलकोट रोडवर समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत!

पडताळायचं तर गाडी भिंतीसमोर २५ फुटांवर सरळ धरून बसा, लो बीमची (खालच्या, जवळच्या झोताची) वरची कड कुणाकडून तरी खडूने आखून घ्या. मग बल्ब बदला. गाडी तिथेच, बसणारा तोच. उजेड रेषेच्या वर सांडला, तर जुना ३५ वॉटचा हॅलोजनच बरा. मुळात एलईडी हेडलाइट असलेल्या गाडीची गोष्ट वेगळी, तिचा रिफ्लेक्टरच त्यासाठी बनवलेला असतो.