गेटवर 'पाहिजेत'चा बोर्ड आणि घरी बसलेला पोरगा

मागच्या रविवारी मावशीला घेऊन नाशिकमध्ये गंगापूर रोडला वधू-वर मेळाव्याला गेलो होतो (तिच्या मुलासाठी, माझं झालंय). एका बाजूला मुलांकडचे, दुसऱ्या बाजूला मुलींकडचे, दोघांच्या हातात बायोडाटाचे गठ्ठे आणि दोघांच्या तोंडी एकच वाक्य, "चांगली स्थळंच राहिली नाहीत हो." येताना अंबड एमआयडीसीतून आलो तर गेटागेटावर बोर्ड, फिटर पाहिजे, टर्नर पाहिजे, सीएनसी ऑपरेटर त्वरित पाहिजे, आणि आमच्या सिडकोतल्या गल्लीत आयटीआय झालेली दोन पोरं घरी बसून. यावर उत्तर ठरलेलं असतं, पोरांना काम नको आणि मुलींच्या अपेक्षा वाढल्यात. मला हे दोन्ही पटत नाही.

शाळेत मागणी-पुरवठा शिकवतात तो टोमॅटोला बरोबर बसतो, भाव पाडला की संध्याकाळपर्यंत क्रेट रिकामे. पण नोकरी काय किंवा नवरा काय, प्रत्येक नग वेगळा, आणि कोण कुठे आहे ते आधी माहीत नसतं, शोधायला वेळ जातो, पैसा जातो. यालाच सर्च फ्रिक्शन म्हणतात, शोधातलं घर्षण म्हणा. पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडेस यांना २०१० चं अर्थशास्त्राचं नोबेल यावरच मिळालं. त्यांचं म्हणणं असं की कोणीही आळशी नसताना रिकाम्या जागा आणि बेकार माणसं एकाच गावात, एकाच वेळी असू शकतात.

आता माझा आवडता भाग, जरा कागद-पेन घ्या. समजा आपल्या फिटरला महिन्याला एक ऑफर येते, १२, १४, १६, १८ किंवा २० हजारांची, पाचही सारख्याच शक्यतेच्या (आकडे माझे, गणितापुरते). समोर २४ महिने आहेत आणि नाकारलेली ऑफर परत येत नाही. आज हातात १६ ची आहे. घेतली तर १६ गुणिले २४, म्हणजे ३ लाख ८४ हजार. सोडली आणि "१८ च्या खाली नाही" असं ठरवलं तर पाचातल्या दोन ऑफर चालतात, सरासरी अडीच महिने थांबावं लागेल, मिळेल ती सरासरी १९ ची, उरलेले साडेएकवीस महिने धरले तर ४ लाख साडेआठ हजार. म्हणजे घरी बसलेला पोरगा गणितात बरोबर आहे! पण तोच "२० च पाहिजे" म्हणून अडून बसला तर सरासरी पाच महिने जातात आणि हातात ३ लाख ८० हजार, १६ वाल्यापेक्षाही कमी. या मधल्या, म्हणजे १८ च्या आकड्याला रिझर्व्हेशन वेज म्हणतात, रिझर्व्हेशन म्हणजे आपलं आरक्षण नव्हे, ज्याच्या खाली नाही म्हणायचं तो आकडा. अर्थात घरी अडीच महिन्यांचा किराणा भरायची सोय नसेल तर १४ ची पण घ्यावी लागते, तो आकडा डिग्रीपेक्षा घरच्या डब्यावर जास्त ठरतो.

आणि ऑफर आठवड्याला एक, म्हणजे चौपट यायला लागल्या तर? पुन्हा मांडून बघा, आता २० वर अडून बसणंच फायद्याचं ठरतं आणि थांबावं लागतं सव्वा महिना. म्हणजे ऑफर चौपट पण वाट फक्त निम्मी झाली, कारण आकडा पण वर सरकला. मॅट्रिमोनी अ‍ॅपवर रोज ढीगभर स्थळं येऊनही लग्नं झटपट का जमत नाहीत त्यातलं एक कारण हे, त्यामुळे 'आमचं अल्गोरिदम लगेच जमवून देतं' अशा जाहिराती जरा बेतानेच घ्या.

लग्नात शिवाय दोन्ही बाजूंना नाही म्हणायचा अधिकार. मुलगा पाचातल्या एकीला हो म्हणतो, मुलगी पाचातल्या एकाला, दोघांच्या आवडीचा एकमेकांशी संबंध नाही असं धरलं तर पंचविसात एक भेट जमते. मॉडेलमध्ये याच्या पुढे मॅचिंग फंक्शन येतं, त्यात जमलेल्या जोड्या म्हणजे दोन्हीकडच्या शोधणाऱ्यांच्या संख्येचं फलन, एका बाजूला एक माणूस वाढला की त्याच बाजूच्या बाकीच्यांची संधी थोडी घटते आणि समोरच्यांची वाढते, असो, मावशी इथेच जांभई द्यायला लागली होती.

पण पत्रिकेचा विषय निघाला तशी जागी झाली. बघा, नक्षत्रं २७, नाड्या ३, प्रत्येकीत ९. म्हणजे 'एक नाडी' म्हणून साधारण तीनातलं एक स्थळ भेटीआधीच बाद, आणि त्याचा मुलाच्या स्वभावाशी, पगाराशी, दारूशी काडीचा संबंध नाही. चाळणी लावा की, पण दगड गाळणारी लावा, ही तर तीन मुठींतली एक मूठ तांदूळ डोळे मिटून टाकून देणारी. मी हे सगळं तिला रिक्षात पटवून दिलं, फिटरचं गणित पण परत सांगितलं, १८ च्या खाली नाही म्हणायचं इथपर्यंत.

मावशी म्हणाली, "मग मी काय वेगळं सांगते? ३६ पैकी १८ गुण तर जुळलेच पाहिजेत."