बोंबील (नाव व व्युत्पत्ती)

बोंबील : सायनोडोंटिडी कुलातील मासा. शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरियस. लांबी साधारणतः २५ सेंमी., क्वचित ४० सेंमी.पर्यंत. अंग मऊ, पाणीदार. जबडा मोठा व दात आत वळलेले. भारतात तो मुख्यतः गुजरात-महाराष्ट्राच्या आणि बंगालच्या किनाऱ्यावर मिळतो. मधल्या पट्ट्यात तुरळक.

नावाचा सर्वांत परिचित जुना उल्लेख जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याचा आहे. १६७३ च्या सुमारास मुंबईत असताना, माझगाव हे मच्छीमारांचे मोठे गाव ‘बंबेलो’ नावाच्या माशासाठी प्रसिद्ध असून गोरगरिबांचा निर्वाह त्यावर चालतो, असे त्याने लिहिले (प्रकाशन १६९८). ब्लूटोच्या पोर्तुगीज कोशाच्या १७२७ च्या पुरवणीत ‘बांबुलिम’ हे रूप येते. तिथेच या शब्दाचा कपड्याच्या चुण्या असाही अर्थ दिला आहे. दोहोंचा संबंध असल्याचे कोणी दाखवलेले नाही. मराठी-इंग्रजी कोशकार मोल्सवर्थ ‘बोंबील’ हा शब्द मराठी म्हणून नोंदवतो. तेव्हा इंग्रजी-पोर्तुगीज रूपे किनाऱ्यावरच्या बोलीतून घेतली गेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. खुद्द मराठी शब्दाचे मूळ मात्र अनिश्चित आहे. ‘बोंबलणे’शी लावला जाणारा संबंध ध्वनिसाम्यापुरताच. (मासा मुका, त्यामुळे विनोदाला मात्र तो बरा पडतो.)

‘बॉम्बे डक’ या इंग्रजी नावाबद्दल वाद अधिक आहे. सुक्या बोंबलाच्या वासाने डाकगाडी भरून जाई, म्हणून ‘बॉम्बे डाक’ आणि त्यावरून ‘डक’, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती कालक्रमात बसत नाही. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ची, तर माशासाठी हे नाव १८२९ मध्ये छापलेल्या एका इंग्रजी कवितासंग्रहात येते. याहून महत्त्वाचा पुरावा अप्रत्यक्ष आहे. मुंबई इलाख्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांना ‘डक्स’ म्हणत. एल्फिन्स्टनच्या १८०३ च्या लेखनात ते टोपणनाव आढळते. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाचे कर्ते यूल व बर्नेल (१८८६) यांच्या मते ते माशावरूनच आले असावे. हे मान्य केले, तर माशाचे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस तरी रूढ असले पाहिजे. मग ‘डक’ कशावरून, हा प्रश्न उरतोच. यूल-बर्नेल यांनीही ही व्युत्पत्ती अस्पष्ट म्हणून सोडली आहे.

शास्त्रीय नावातही एक गुंता आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन (बुकॅनन) याने १८२२ मध्ये गंगेतील माशांवरील ग्रंथात ऑस्मेरस नेहेरियस असे वर्णन केले. ‘नेहेरियस’ हे ‘नेहारे’ या बंगाली नावावरून आल्याचे यूल-बर्नेल सांगतात. (आज बंगालीत ‘लोटे’, ‘लोइट्टा’ हीच नावे प्रचारात आहेत.) लस्यूरने १८२५ मध्ये हार्पाडॉन ही प्रजाती (जीनस) स्थापली. पुढील लेखकांनी ती ‘हार्पोडॉन’ अशी सुधारली व जुन्या ग्रंथांत हेच रूप अधिक दिसते; परंतु मूळ लेखन ग्राह्य धरण्याच्या नियमानुसार ‘हार्पाडॉन’ कायम आहे.

मासेमारी डोळ जाळ्याने (प्रवाहात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याने) होते. वाळवताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी वलांडीच्या (मासे सुकवण्याच्या मांडवाच्या) दोरीवर टाकतात. सुका बोंबील काठीसारखा कडक होतो. गुजरातीत यास ‘बुमला’ म्हणतात.