बाप्तिस्म्यानंतर पाप उरतच नाही?

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती वाड्यांत एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: खरा ख्रिस्ती पाप करतच नाही, केलं तर त्याची श्रद्धाच खोटी. आधार दिला जातो योहानाच्या पहिल्या पत्राचा, ३:९. देवापासून जन्मलेला पाप करत नाही, असं तिथे आहेच. पण मूळ ग्रीक क्रियापद चालू वर्तमानकाळातलं. रोख पापात मुरून राहण्यावर आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. त्याच पत्रात १:८ ला, आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःलाच फसवतो, असंही आहे. ते मात्र कोणी वाचून दाखवत नाही!

कॅथलिक शिकवण स्पष्ट आहे. बाप्तिस्म्याने पापाची क्षमा होते, पापाकडची ओढ राहते. ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक चर्चच्या परिषदेने १५४७ मध्ये ठरवलं की देवाच्या खास कृपेवाचून आयुष्यभर बारीकसारीक पापंही टाळणं कुणाला शक्य नाही. येशूची आई मरिया, तिची गोष्ट वेगळी. गंभीर पापाला मात्र तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर, पूर्ण जाणीव, मनापासून संमती. म्हणून ते टाळता येतं.

उदाहरणार्थ, मासळीच्या लिलावात तोंडून शिवी निसटणं वेगळं आणि वाट्यात वर ताजी पापलेटं मांडून खाली शिळी दडपणं वेगळं. दुसऱ्यात पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूकडे पापाची कबुली, पुरत नाही, गिऱ्हाइकाचे पैसेही परत करावे लागतात. गोंधळ नेमका इथेच होतो.

मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली पापापासून मुक्त असं पूर्णत्व शक्य मानत, पण ‘पाप’ म्हणजे जाणूनबुजून केलेलं उल्लंघन, एवढाच अर्थ धरून. नकळतच्या चुकांना क्षमा त्यांच्याही मते लागतेच.