विकिपीडियाचा कारभार आणि निधी : वाद

विकिपीडिया हा कोणालाही विनामूल्य वाचता येणारा आणि बहुतांशी कोणालाही संपादित करता येणारा बहुभाषिक ज्ञानकोश आहे. तो चालवायचा कोणी, त्यासाठी लागणारा पैसा मिळवायचा कसा आणि तो खर्च करण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांवर त्याच्या स्थापनेपासून वाद होत आले आहेत. जाहिराती, देणगीची आवाहने, पगार आणि नियमावल्या अशी या वादांची निमित्ते बदलत गेली, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच पेच आहे. मजकूर लिहिणारे स्वयंसेवक बिनपगारी आहेत, आणि सर्व्हर, बोधचिन्ह, बँकेतील ठेवी व कायदेशीर जबाबदारी ज्या संस्थेकडे आहे, तिचे ते सभासद नाहीत.

जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू केला, तेव्हा त्याचा खर्च वेल्स यांची बोमिस ही खाजगी कंपनी उचलत होती. संकेतस्थळावर जाहिराती घेण्याची शक्यता बोलून दाखवली जाताच स्पॅनिश भाषेतील अनेक संपादकांनी फेब्रुवारी २००२ मध्ये वेगळी चूल मांडली आणि मजकुराची प्रत घेऊन स्वतंत्र स्पॅनिश ज्ञानकोश उभा केला. मजकूर कोणालाही नकलून वापरू देणाऱ्या मुक्त परवान्यामुळे अशी फारकत कायदेशीर होती. त्याच वर्षी विकिपीडियाने इंटरनेटवरील व्यापारी (.com) पत्ता सोडून संस्थांसाठीचा (.org) पत्ता घेतला आणि २० जून २००३ रोजी विकिमीडिया फाउंडेशन ही विकिपीडिया चालवणारी ना-नफा संस्था अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात नोंदवली गेली. जाहिराती न घेण्याचे धोरण आजपर्यंत टिकले, त्यामागे या फुटीची धास्ती होती असे मानण्यास जागा आहे. मात्र फाउंडेशनच्या मूळ उपविधींत असलेली स्वयंसेवकांच्या सभासदत्वाची तरतूद २००६ मध्ये काढून टाकण्यात आली. पुढच्या जवळपास प्रत्येक संघर्षात या दुरुस्तीचे पडसाद उमटले, तरी तिची चर्चा फारशी होत नाही.

दूध संघ आणि साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा पाहिलेल्या कोल्हापूरकराला या दुरुस्तीचा अर्थ सांगावा लागत नाही. दूध घालणारा उत्पादक गावच्या संस्थेचा सभासद असतो, अहवाल आणि ताळेबंद हातात घेऊन सभेला येतो, आणि ‘मंजूर’, ‘नामंजूर’च्या गदारोळात का होईना, संचालकांना जाब विचारण्याचा त्याला कायद्याने हक्क असतो. विकिपीडियावर रोज मजकूर घालणाऱ्याला असा हक्क नाही. फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळात कमाल १६ जागा असून त्यांपैकी आठ स्वयंसेवकांचा समुदाय आणि फाउंडेशनने मान्यता दिलेल्या देशोदेशीच्या संलग्न संस्था यांच्या मतदानातून भरल्या जातात, सात मंडळ स्वतः भरते आणि एक संस्थापक वेल्स यांच्यासाठी राखीव आहे. निवडून आलेल्यांनाही मंडळ काढून टाकू शकते. समुदायाने निवडून दिलेल्या एका विश्वस्ताला मंडळाने डिसेंबर २०१५ मध्ये दूर केले आणि २०१७ मध्ये मतदारांनी त्यालाच पुन्हा निवडून पाठवले.

कारभारावरील संघर्षांत तीन प्रकरणे विशेष गाजली. ऑगस्ट २०१४ मध्ये चित्रे दाखवण्याच्या नव्या सुविधेला जर्मन विकिपीडियाने विरोध केला, तेव्हा फाउंडेशनने स्थानिक प्रचालकांनाही (पाने सुरक्षित करण्यासारखे जादा अधिकार असलेल्या स्वयंसेवकांनाही) बदलता येणार नाही असे संरक्षण ती सुविधा बंद करू शकणाऱ्या पानावर लावले. सह्यांची मोहीम झाली, कटुता वाढली आणि पुढच्या वर्षी ते तांत्रिक हत्यार मागे घ्यावे लागले. जून २०१९ मध्ये फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकावर, समुदायाच्या लवाद समितीला बाजूला ठेवून, एक वर्षाची बंदी घातली. त्यावर वीसहून अधिक प्रचालकांनी राजीनामे दिले आणि सप्टेंबरमध्ये लवाद समितीने फेरतपासणी करून बंदी उठवली. तिसरे प्रकरण सनदेचे. फाउंडेशन आणि समुदाय यांच्यातील अधिकारांची वाटणी करणाऱ्या सनदेवर २०२४ च्या मध्यास मतदान झाले. मतदान केलेल्या व्यक्तींपैकी सुमारे ७३ टक्क्यांनी तिच्या बाजूने कौल दिला, संलग्न संस्थांचा पाठिंबा त्याहून मोठा होता, आणि तरीही विश्वस्त मंडळाने ती नामंजूर केली.

निधीवरील वादाचे स्वरूप काळानुसार उलटे झाले आहे. सुरुवातीची चिंता पैसा पुरेल का अशी होती, तर आताची तक्रार एवढा पैसा कशाला अशी आहे. २०२२–२३ या आर्थिक वर्षात फाउंडेशनला सुमारे १८ कोटी डॉलर मिळाले आणि सुमारे १६.९ कोटी खर्च झाले. त्यांपैकी दहा कोटींहून अधिक रक्कम वेतनावर गेली, आणि सर्व्हर व जोडणी यांचा थेट खर्च सुमारे तीस लाख डॉलर एवढाच होता. हा आकडा टीकाकार हटकून पुढे करतात. त्यात तथ्य आहे, पण तो एकटा फसवा आहे, कारण सर्व्हर चालवणारे अभियंते, सुरक्षा आणि न्यायालयीन लढाया हा खर्च त्यात येत नाही. देणगीच्या आवाहनांच्या भाषेवरील आक्षेप अधिक रास्त आहे. ज्ञानकोश बंद पडण्याच्या बेतात आहे असा वाचकाचा समज व्हावा, अशा धाटणीची ही आवाहने असतात, असे संपादक वर्षानुवर्षे म्हणत होते. अखेर २०२२ च्या उत्तरार्धात इंग्रजी विकिपीडियाच्या समुदायाने प्रस्तावित मजकूर औपचारिक चर्चेत फेटाळला आणि फाउंडेशनला तो बदलावा लागला. पैशाच्या बाबतीत स्वयंसेवकांचा शब्द चालल्याची उदाहरणे मोजकीच असून हे त्यांतील ठळक होय. २०१६ मध्ये सुरू झालेल्या कायमस्वरूपी ठेव निधीने दहा वर्षांसाठी ठरवलेले दहा कोटी डॉलरचे उद्दिष्ट २०२१ मध्येच गाठले, हेही टीकाकारांच्या हाती पडलेले कोलीत ठरले.

मोठ्या कंपन्यांकडून पैसे घ्यावेत का, हा याच वादाचा फाटा आहे. शोधयंत्रे आणि आवाजी साहाय्यक विकिपीडियाचा मजकूर फुकट वापरतात. त्यांना जलद व खात्रीचा पुरवठा सशुल्क देण्याची योजना २०२१ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी गूगल तिचे ग्राहक झाले. मजकूर सर्वांसाठी मुक्तच राहतो, शुल्क फक्त सेवेचे असते, हा खुलासा अनेकांना पटला असला तरी ग्राहकाच्या सोयीने प्राधान्यक्रम ठरतील ही शंका उरली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांमुळे हा मुद्दा तातडीचा झाला. जानेवारी २०२४ नंतरच्या सव्वा वर्षात चित्रे व ध्वनिचित्रफिती उतरवून घेण्याचा भार ५० टक्क्यांनी वाढला आणि तो मुख्यतः स्वयंचलित यंत्रांचा होता, असे फाउंडेशनने २०२५ मध्ये जाहीर केले.

मराठीत ज्ञानकोशाच्या अर्थकारणाचे दोन जुने नमुने आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी कंपनी काढून भागभांडवल आणि वर्गणीदार गोळा केले. तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा खर्च राज्य शासन करते, आणि तेथे नोंदीखाली लेखकाचे नाव असते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याला भागधारक नाहीत, शासनाचे अनुदान नाही आणि लेखाखाली कोणाचेही नाव नाही. इंग्रजीच्या मानाने त्याचा समुदाय फार लहान असल्याने रोजचा कारभार हाताच्या बोटांवर मोजता येणारे प्रचालक पाहतात. धोरणाची चर्चा ‘चावडी’ या सामायिक चर्चा पानावर होते आणि निर्णयासाठी कौल घेतला जातो, पण कौलाला येणारी मते अनेकदा इतकी थोडी असतात की बहुमत या शब्दाला फारसा अर्थ राहत नाही. अशा छोट्या प्रकल्पाचा ताबा एका विचाराच्या गटाकडे जाण्याचा धोका काल्पनिक नाही. क्रोएशियन विकिपीडियावर तसे बराच काळ घडले, आणि २०२१ मध्ये फाउंडेशनच्या अहवालाने ते मान्य केले.

स्थानिक निर्णयप्रक्रिया कशी चालते हे कोल्हापूरच्या देवीच्या नावावरून समजते. शहरात ती अंबाबाई आहे, बाहेरगावचा भाविक महालक्ष्मी म्हणतो, आणि मुंबईहून येणारी रेल्वेही महालक्ष्मी एक्सप्रेस आहे. एकाने लेखातील नाव बदलले की दुसरा ते उलटवतो, पानाच्या इतिहासात दोन्ही संपादने वेळेसह नोंदली जातात, वाद चर्चा पानावर जातो आणि तरीही उलटवाउलटवी थांबली नाही तर प्रचालक पान सुरक्षित करतो. निकाल लागतो तो छापील व पडताळण्याजोग्या संदर्भांवर. शिवाजी पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याचे तोंडी सांगणे तेथे पुरावा धरले जात नाही. या नियमाने मौखिक परंपरेवर जगणारे ज्ञान बाहेर राहते, असा आक्षेप भारतातूनच जोराने मांडला गेला आणि फाउंडेशनच्या साहाय्याने २०११ मध्ये भारत व दक्षिण आफ्रिकेत मौखिक संदर्भांचा प्रयोगही झाला. संपादकीय नियम मात्र बदलले नाहीत. निधी देणाऱ्याला संपादकीय धोरण ठरवता येत नाही, याचा हा दाखला आहे, आणि या व्यवस्थेची ती जमेची बाजू म्हणावी लागेल.

भारतात निधीचा ओघ मध्यस्थ संस्थांमार्फत आला. २०११ मध्ये बंगळुरूला नोंदवलेल्या विकिमीडिया इंडिया या शाखेची मान्यता २०१९ मध्ये काढून घेण्यात आली. मराठीसह काही भाषांतील कार्यशाळा व प्रशिक्षणाचे काम सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने २०१२ पासून फाउंडेशनच्या अनुदानातून केले. पगारी कार्यकर्त्याने भरवलेल्या कार्यशाळेत तयार झालेले अर्धेकच्चे लेख नंतर बिनपगारी प्रचालकाने निस्तरायचे, ही कुरबुर भारतीय भाषांच्या समुदायांत सार्वत्रिक आहे. लेखांची संख्या अहवालात मोजता येते आणि दुरुस्तीला लागलेल्या रात्री मोजता येत नाहीत, हे त्याचे कारण.

कायदेशीर जबाबदारीचा प्रश्न गेल्या काही वर्षांत सर्वांत टोकदार झाला आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात फाउंडेशनवर दोन कोटी रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि न्यायालयाने संबंधित संपादकांची माहिती मागितली. खटल्याविषयीचे पान काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील मजकुराबाबत महाराष्ट्र सायबर विभागाने फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. फाउंडेशनकडे वकील आहेत आणि त्यांच्या शुल्कासाठी निधीही आहे. पन्हाळा, विशाळगड किंवा करवीर संस्थानावर स्वतःच्या नावाने लिहिणाऱ्या संपादकाला मात्र पोलीस ठाण्यातून बोलावणे आल्यास ते कायदेसाहाय्य कितपत आणि कोणाच्या निर्णयाने मिळावे, हा प्रश्न उरतो. त्यावर मतदान करण्याचा अधिकार त्याला नाही.