ट्रेडवेअरचा आकडा आणि ट्रॅकवरचे आयुष्य
टायरच्या बाजूवर कोरलेला ट्रेडवेअरचा, म्हणजे रबर किती हळू झिजते हे सांगणारा, आकडा जितका मोठा, तितका तो टायर ट्रॅकवर जास्त टिकतो, हा अमेरिकेतील हौशी मोटरस्पोर्टमध्ये वर्षानुवर्षे रुजलेला समज चुकीचा आहे. या आकड्यासाठीची चाचणी टेक्सासमधील सॅन अँजेलो परिसरात, सार्वजनिक रस्त्यांवरील सुमारे ४०० मैलांच्या मार्गावर, एकूण ७,२०० मैल गाडी चालवून घेतली जाते; तीत टायर ट्रॅकवर तापतो तसा कधीच तापत नाही. शिवाय अंतिम आकडा सरकार नव्हे, तर उत्पादक स्वतः जाहीर करतो, आणि अनेक स्पर्धांत किमान २०० ची अट असल्यामुळे त्याच आकड्याखाली अत्यंत भिन्न गुणांचे टायर विकले जातात.

ट्रॅकवर टायर संपतो तो मुख्यतः उष्णतेने आणि कडांच्या झिजेने. रोजच्या वापरासाठी बनवलेला ५०० आकड्याचा टायर सलग फेऱ्यांत अतितप्त होऊन त्याच्या रबराचे तुकडे उडू शकतात, तर ट्रॅकची उष्णता सोसण्यासाठीच घडवलेला २०० चा टायर त्याच गाडीवर अधिक काळ टिकू शकतो. मात्र पुढच्या चाकांना पुरेसा ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणे) नसेल, तर उत्तम टायरचीही बाहेरची कड आधी जाते. म्हणून फेऱ्या संपताच, टायर गरम असतानाच, हवेचा दाब आणि दोन्ही कडांची झीज तपासावी.